अव्वल की विजेता?

६ एप्रिल २०२५ हा रविवार होता आणि त्याच दिवशी रामनवमीही होती. बेळगावच्या एका मराठी दैनिकात मी क्रीडा पानाची उपसंपादक आहे. आयपीएलच्या दिवसांत आमच्या पानाची निम्मी जागा क्रिकेटला जाते आणि उरलेल्या जागेत कुस्तीची मैदाने, शालेय स्पर्धा आणि गोव्याकडचा फुटबॉल बसवावा लागतो. त्या दिवशी मात्र मी दुपारीच चार कॉलम आय-लीगसाठी राखून ठेवले होते, कारण भारतीय फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीतील शेवटच्या फेरीचे सामने होते आणि गोव्याचा चर्चिल ब्रदर्स संघ सर्वांत पुढे होता. चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो. त्यामुळे कॅम्पातल्या मैदानावर खेळणाऱ्या आमच्याकडच्या मुलांना मोठा क्लब म्हटला की बंगळूरच्या आधी गोव्याचेच नाव आठवते.

निकाल आले. श्रीनगरमध्ये चर्चिलने रिअल काश्मीरशी १-१ अशी बरोबरी साधली आणि त्यांचे ४० गुण झाले. इंटर काशीने आपला सामना जिंकला, पण त्यांची बेरीज ३९ वर थांबली. आमच्या मुख्य उपसंपादकांनी उभ्या उभ्या मथळा सांगितला, ‘चर्चिल विजेते’. मी तो लावला आणि पुन्हा काढला.

अडचण जानेवारीतल्या एका सामन्याची होती. १३ जानेवारीला नामधारी संघाने इंटर काशीला हरवले होते, परंतु त्या सामन्यात नामधारीने निलंबित खेळाडू उतरवल्याची तक्रार झाली. महासंघाच्या शिस्तपालन समितीने सामना इंटर काशीला बहाल केला, नामधारीने त्याविरुद्ध दाद मागितली आणि अपील समितीने त्या निर्णयाला स्थगिती दिली. म्हणजे शेवटची शिट्टी वाजली त्या क्षणी तीन गुण कोणाचे हे ठरलेलेच नव्हते, आणि ते इंटर काशीला मिळाले तर तक्ता उलटणार होता. मी ‘चर्चिल अव्वल, विजेतेपद अपिलात’ असा मथळा केला.

मुख्य उपसंपादकांना तो पटला नाही. घाटाखाली जाणाऱ्या गठ्ठ्यांत हा मथळा वाचून लोक काय म्हणतील, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. शेवटी ते म्हणाले, “ठेव, पण दुसऱ्या श्रेणीच्या एका गुणासाठी एवढा जीव का टाकायचा, ते बाजूच्या चौकटीत लिही. अर्धा तास आहे.” पंधरा वर्षांच्या नोकरीत इतक्या घाईने आणि इतक्या मनापासून मी दुसरे काही लिहिलेले नाही.

सुरुवात मी इंग्लंडपासून केली. तिथे १८९२ साली १२ संघांचा दुसरा विभाग निघाला, तेव्हा वर कोण जाणार हे विभागाच्या तक्त्यावरून थेट ठरत नसे. वरच्या विभागातील तळाचे आणि खालच्या विभागातील आघाडीचे संघ एकमेकांशी कसोटी सामने खेळत. १८९८ मध्ये स्टोक आणि बर्नली यांचा असा सामना झाला. बरोबरी दोघांनाही पुरेशी असल्यामुळे कोणी गोल करण्याचा प्रयत्नच केला नाही आणि सामना ०-० असा संपला. त्यानंतर कसोटी सामने बंद झाले आणि थेट बढती-पदावनती आली. दुसरी श्रेणी चालवणे म्हणजे वर जाण्याचे दार कोणत्या नियमाने उघडायचे हे ठरवणे होय, आणि तो नियम संशयापलीकडे असावा लागतो, एवढेच मला त्यातून सांगायचे होते.

आपल्याकडे हे दार कधी उघडले, कधी बंद झाले. १९९६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली, फगवाड्याचा जेसीटी संघ पहिला विजेता ठरला आणि पुढच्याच हंगामापासून तिला दुसरा विभाग जोडला गेला. २००७ मध्ये तिच्या जागी आय-लीग आली. २००८ मध्ये मुंबई एफसी आणि २००९ मध्ये पुणे एफसी दुसऱ्या विभागातून वर आले. माझ्या दृष्टीने या सगळ्यांत मोठी गोष्ट साळगावकर संघाची आहे. २००८ मध्ये खाली घसरलेला हा गोव्याचा संघ एका वर्षात परत वर आला आणि २०११ मध्ये त्याने आय-लीग जिंकली. खालून आलेल्या संघाला देशाचा विजेता होता येते, हे त्याने दाखवून दिले.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आठ संघांनिशी सुरू झाली आणि तिच्यात बढतीही नव्हती, पदावनतीही नव्हती. आय-लीगला तिच्या खाली बसवण्याचा आराखडा पुढे आला तेव्हा, २०१६ मध्ये, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तीन संघांनी आय-लीग सोडली. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या धेंपोसारख्या क्लबला मैदानावर न हरता खाली ढकलण्याची ती कल्पना अन्यायाची होती, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. अखेर २०२२-२३ च्या हंगामापासून आय-लीग अधिकृतपणे दुसरी श्रेणी झाली, पण त्याबरोबर तिच्या विजेत्याला सुपर लीगचे दार उघडले. राउंडग्लास पंजाब त्या वाटेने वर गेले, पुढच्या वर्षी मोहम्मेडन स्पोर्टिंग गेले. तिसरा संघ कोणता, हेच त्या रात्री अपिलात अडकले होते. खुद्द धेंपोही तिसऱ्या श्रेणीतून चढून त्याच हंगामात आय-लीगमध्ये परतले होते. ही ओळ लिहिली आणि पान सोडले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कॅम्पात मुलांना फुटबॉल शिकवणारे एक निवृत्त सुभेदार कार्यालयात आले. अंक त्यांच्या हातात होता. “ताई, ४० मोठे की ३९? पोरं विचारालेत, मी काय सांगू?” असे त्यांनी चढ्या आवाजात विचारले. मी त्यांना बसवून जानेवारीच्या सामन्याचे प्रकरण पहिल्यापासून सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग पिशवीतून एक वही काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. मुलांच्या प्रत्येक सामन्यातील पिवळी आणि लाल कार्डे तारखेनिशी त्यांनी त्या वहीत लिहून ठेवली होती आणि कोणाला कोणत्या सामन्यात बसवायचे ते शेजारी लाल शाईने मांडले होते. “शाळेच्या पोरांची मी एवढी नोंद ठेवतो,” ते म्हणाले, “आणि तिथे वही बघणारा कोणी नव्हता?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अपील समितीने नामधारीच्या बाजूने निकाल दिला आणि महासंघाने चर्चिलला विजेते घोषित केले. तो मथळा मी स्वतः लावला, आणि सुभेदारांना आठवणीने फोनही केला. इंटर काशी मात्र लॉझानच्या क्रीडा लवादाकडे गेले. १८ जुलैला तिथला निकाल आला: इंटर काशीला २०२४-२५ च्या आय-लीगचे विजेते घोषित करावे. त्याच महिन्यात सुपर लीगचा पुढचा हंगामही स्थगित झाला होता, त्यामुळे ज्या लीगचे दार या विजेतेपदाने उघडायचे ती लीग कधी सुरू होणार, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

त्या संध्याकाळी मी पुन्हा चार कॉलम मागून घेतले. चर्चिलच्या खेळाडूंसाठी मला फार वाईट वाटले. त्यांनी बावीस सामन्यांत मिळवलेल्या ४० गुणांतला एकही गुण खोटा नव्हता. तरीही तो निर्णय मला बरोबर वाटला, आणि बातमीत मी कोणतेही विशेषण घातले नाही.

पान सोडण्यापूर्वी सुभेदारांचा फोन आला. त्यांना टीव्हीवरून कळले होते. “ताई, आता शेवटचा तक्ता वाचून दाखवा, सावकाश,” असे ते म्हणाले. मी वाचले, “इंटर काशी ४२, चर्चिल ब्रदर्स ४०.” पलीकडे वहीचे पान उलटल्याचा आवाज आला आणि त्यांनी मला दोन्ही आकडे पुन्हा एकदा सांगायला लावले.