जुनी फाईल पुसायची कधी? आमची वाटचाल

सांगलीत मार्केट यार्डाजवळ आमचं एका खोलीचं ऑफिस आहे, मी आणि माझा आतेभाऊ, दोघंच. सुरुवात कॉम्प्युटर रिपेअरिंगची. गिऱ्हाईक म्हणजे हळदीचे अडते, बेदाण्याचे व्यापारी, दोन-तीन पतसंस्था. हिशेबाचा डेटा रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर जावा म्हणून मी प्रत्येकाकडे एक बॅच फाईल, म्हणजे कमांड लिहिलेली छोटी फाईल, टाकून दिलेली, एक्सकॉपी ह्या विंडोजच्या कॉपी करायच्या कमांडची एकच ओळ, कालच्या कॉपीवर आजची कॉपी. मला वाटायचं झालं काम.

2017च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस आला, तेव्हा आमच्याकडचं कुणी सापडलं नाही, पण पुढं वर्षभरात एका अडत्याकडे तसलाच दुसरा व्हायरस शिरला आणि सगळ्या फाईली लॉक झाल्या. मी बिनधास्त बॅकअपची डिस्क लावली तर तिथंही लॉक झालेल्याच फाईली, कारण रात्री अकराला माझ्याच बॅच फाईलनं खराब डेटा चांगल्यावर नेऊन ठेवला होता. शेठ रागावले नाहीत, नुसते गप्प बसले. कागदी पट्ट्यांवरून चार महिन्यांचे सौदे आम्ही दोघांनी बसून परत भरून दिले.

त्यानंतर हे रोटेशनचं, म्हणजे ठरावीक कॉप्या ठेवून जुन्या पुसत जायचं, टूल लिहायला घेतलं. पद्धत जुनीच आहे, टेपच्या काळातली, आजोबा-बाप-लेक म्हणतात तिला. रोजच्या 7 कॉप्या, आठवड्याच्या 4, महिन्याच्या 12, म्हणजे एकूण 23 फाईली. एक झिप, म्हणजे दाबून लहान केलेली कॉपी, 300 एमबीची धरली तरी 7 जीबीच्या आत बसतं. मार्च एंडची कॉपी मात्र आमचं टूल कधीच पुसत नाही, कारण जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात.

कॉपी करणं सोपं असतं हो, खरी डोकेदुखी पुसण्याची. पहिल्या व्हर्जनमध्ये मी लिहिलं होतं की 7 दिवसांपेक्षा जुनी रोजची फाईल उडवायची. आतेभावानं विचारलं, डिस्क भरली आणि नवीन कॉपी बनणंच बंद झालं तर? बरोबर होतं त्याचं, आठवड्याभरात रोजच्या सगळ्या कॉप्या उडाल्या असत्या आणि कुणाला पत्ता लागला नसता. म्हणून आता दिवस नाही, नग मोजतो. आधी नवीन झिप बनते, मग सेव्हन-झिप ह्या झिपच्या प्रोग्रामनं ती तपासली जाते, त्यात पास झाली तरच सगळ्यात जुनी पुसली जाते, नाहीतर स्क्रीनवर लाल पट्टी येते आणि आम्हाला मेल. तारखेनंही असंच छळलं, एका मशीनवर विंडोज दिवस आधी लिहायचं, दुसऱ्यावर महिना आधी, वर मधल्या तिरक्या रेघांमुळं फाईलचं नावच चालायचं नाही. आता सगळीकडे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, नावानं लावलं की आपोआप तारखेनं लागतं.

मग 2019चा महापूर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57च्या वर. एका दुकानात आमच्या 23च्या 23 फाईली व्यवस्थित होत्या, पण डिस्क कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात, दोन्ही एकदमच पाण्यात. दुसऱ्या एकांच्या सूनबाई मिरजेला माहेरी जाताना डिस्क पर्समध्ये घालून घेऊन गेल्या होत्या, त्यांचा हिशेब पाणी ओसरल्यावर लगेच चालू झाला. तेव्हापासून दोन डिस्क घ्यायलाच लावतो, एक दुकानात, एक दुसऱ्या ठिकाणी वरच्या मजल्यावर, दर शनिवारी अदलाबदल.

आणि दर तीन महिन्यांनी आम्ही स्वतः जाऊन एक जुनी कॉपी वेगळ्या लॅपटॉपवर उघडतो, मालक सांगतील ते बिल काढतो आणि त्यांच्या वहीशी ताडून बघतो. ह्याचे वेगळे पैसे घेत नाही.