तळ कुठे लागतो?

मँचेस्टरजवळच्या डोंगरांवर पीटची खोली मोजणं हे माझं काम. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर, वर्षाकाठी जेमतेम मिलिमीटरभर वाढणारा. त्या दिवशी ब्लॅक हिलवर होतो. उंची ५८२ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या निम्मीसुद्धा नाही. पण कळसूबाईच्या माथ्यावर कुणी रुतत नाही.

पूर्वी हा माथा नुसता काळा चिखल होता. गिरण्यांच्या धुरातल्या गंधकानं इथलं शेवाळ मारलं होतं. आता चुना टाकून, गवत पेरून हिरवा केलाय, आणि त्यामुळेच फसायला होतं. मऊ जागा दिसतच नाही.

नोव्हेंबरचं धुकं होतं. सळई खाली दाबली, ती गेली ती गेलीच. २.४० मीटर. वहीत आकडा लिहिला, पेन्सिल पडली म्हणून एक पाऊल बाजूला टाकलं आणि डावा पाय मांडीपर्यंत आत.

पहिल्यांदा हसूच आलं. मी माणगावकडची, चिखल काय नवा? लावणीत पाय पोटरीपर्यंत जातो, मग खाली घट्ट तळ लागतो. इथं पाय तळ शोधत राहिला. आणि तळ कुठे आहे ते मीच नुकतं वहीत लिहिलं होतं! माझी उंची पाच फूट दोन इंच.

पाय उपसायला गेले तर उजवाही रुतायला लागला.

"ओढू नकोस! पाठीवर पड," सहकारी ओरडली. साठीची बाई, निम्मं आयुष्य या डोंगरांवर काढलेली. माणूस यात आख्खा बुडत नाही, पण अडकतो आणि गारठतो, हे तिनंच मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. तिनं माझ्या पाठीखाली सॅक सरकवली. मी आडवी पडून पाय नुसता हलवत राहिले, कडेनं पाणी आत शिरेपर्यंत. पंधराएक मिनिटांनी पाय सुटला. बूट आतच राहिला. तिनं खांद्यापर्यंत हात घालून चाचपलं, पण लागला नाही.

मोज्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून निघाले. वाटेवर फरशा आहेत, पाडलेल्या कापड गिरण्यांमधून आणलेल्या. यंत्रं बोल्टनं बसवायची भोकं काही फरशांना अजून आहेत. बूट असताना ती कधी जाणवली नव्हती. माझे वडील परळच्या गिरणीत होते. त्या दिवशी प्रत्येक भोक तळव्याला लागलं.