तुम्ही विचारलंत म्हणून: आताच्या मुलांना काम नको असतं का?

लेथ मशीनवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापणाऱ्या यंत्रावर, शिकाऊ मुलांचा हात बसवून देण्यात माझी 30 वर्षं गेली. त्यामुळे कुठेही चार माणसांत बसलो की प्रश्न ठरलेला : "खरं सांगा, आताच्या मुलांना काम नकोच असतं ना? जबाबदारी घ्यायला नको, स्वतःच्या हिमतीवर काही करायला नको." विचारणारा बहुधा माझ्याच वयाचा असतो आणि उत्तर त्याने घरूनच आणलेलं असतं. मी फक्त मान डोलवायची. बरीच वर्षं डोलवलीही.

आता डोलवत नाही, त्याला कारण एक शाफ्ट आहे.

मी स्वतः शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. 25 मिलिमीटर व्यासाचे शाफ्ट, म्हणजे गोल लोखंडी दांडे, लेथवर कापून करायचे होते; टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, 2 शतांश मिलिमीटरचा. एका जॉबवर, म्हणजे मशीनवर लावलेल्या तुकड्यावर, शेवटचा कट घेताना डायल जरा जास्त फिरला. मायक्रोमीटर लावला तर माप 24.92. उतरवलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. फोरमन असा, की त्याचा नुसता आवाज आला तरी पोटात गोळा यायचा. मी तो शाफ्ट गुपचूप थप्पीच्या तळाशी सारला. सापडला तो दुसऱ्या पाळीत, आणि बोलणी खाल्ली त्या पाळीतल्या मुलाने. दुसऱ्या दिवशी मला कळलं. मी गप्प राहिलो.

हा मी, जुन्या जबाबदार पिढीतला. पाळीच्या आधी पंधरा मिनिटं हजर, विनाकारण रजा नाही, वर तोंड करून बोलणं नाही. तेही सगळं खरंच आहे. पण आम्ही निमूट सोसायचो आणि त्यालाच जबाबदारी म्हणायचो.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका मुलाकडून सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर, असाच घोळ झाला. दहा मिनिटांत जॉब हातात घेऊन माझ्यासमोर उभा. "सर, हा माझ्याकडून गेला. ऑफसेट चुकीचा टाकला. आधीचे दोनपण तपासावे लागतील." ऑफसेट म्हणजे मशीनला भरून द्यायचं टूलचं माप. मी ओरडायच्या तयारीत होतो. तोंडातून शब्द फुटला नाही. त्याच्या जागी मी असतो तर आधीच्या दोन जॉबबद्दल चकार शब्द काढला नसता.

आता याच मुलाची दुसरी बाजू. पाळी संपली की मशीनच्या बेडवर लोखंडाचा कीस तसाच टाकून हा पसार. दोनदा सांगितलं, तर अगदी मनापासून विचारतो, "सर, ते माझ्या कामात येतं का?" मला राग आला, आजही येतो. ज्या मशीनवर दिवसभर हात चालवला ते पुसून ठेवायचं, यात विचारण्यासारखं काय आहे? इथे मी जुनाच आहे आणि जुनाच राहणार.

पण वेळेवर घरी जाण्याबद्दल मी त्याला कधी बोललो नाही. 1919 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने केलेला पहिलाच करार कारखान्यातल्या कामाला दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घालणारा होता. ही मर्यादा या मुलांनी शोधून काढलेली नाही. त्यांच्या कितीतरी आधीच्या पिढ्यांनी ती भांडून मिळवली, आणि आम्ही ती ओव्हरटाइमपायी विकली.

शिवाय आम्ही सोसत होतो ते फुकट नव्हतं. एका जागी टिकलं की हातात कसब येई, कसबाबरोबर मान येई, शेवटी पेन्शन असे. आता निम्मं कसब प्रोग्राममध्ये गेलंय आणि कित्येकांच्या नेमणुकीच्या कागदावरच कंत्राट संपायची तारीख छापलेली असते. त्या मुलाने कशाच्या भरवशावर जीव ओतायचा?

"स्वतःच्या हिमतीवर" या शब्दांचंही मला हल्ली हसू येतं. आमचे उस्ताद टूलला धार लावताना पाठ फिरवायचे, कोन दिसू नये म्हणून. आम्ही चोरून शिकलो, हे अभिमानाने सांगतो. पण चकमधून, म्हणजे जॉब पकडून फिरवणाऱ्या भागातून, चावी काढल्याशिवाय तिच्यावरचा हात सोडायचा नाही, हे मला शेजारच्या हेल्परने सांगितलं होतं. नाहीतर एखाद्या दिवशी मशीन सुरू करताच ती उडून माझ्याच कपाळात बसली असती. आमच्या हिमतीच्या गोष्टीत हा हेल्पर कधी येत नाही. स्वावलंबनाचं नाव निघालं की स्कॉटिश लेखक सॅम्युएल स्माइल्स यांचं 1859 सालचं 'सेल्फ-हेल्प' आठवतं. ते पुस्तक निघालं कशातून? इंग्लंडातल्या लीड्समधल्या काही गरीब तरुणांनी हिवाळ्यातल्या संध्याकाळी एकमेकांना शिकवायला वर्ग सुरू केला होता. कधीकाळी कॉलऱ्याच्या रुग्णांसाठी वापरलेल्या एका खोलीत तो भरायचा. तिथे स्माइल्स यांनी दिलेली व्याख्यानं हे त्या पुस्तकाचं मूळ. म्हणजे स्वावलंबनाची पोथीसुद्धा एकमेकांच्या आधारानेच लिहिली गेली.

आणि आमची नजर तरी कितपत सरळ? 2019 साली जॉन प्रोत्स्को आणि जोनाथन स्कूलर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की माणूस ज्या गोष्टीत स्वतः पुढे असतो, नेमकी तीच त्याला तरुणांत उणी दिसते. वाचणाऱ्याला वाटतं, मुलं वाचत नाहीत. मला मुलांचे हात कच्चे वाटायचे, त्यात नवल ते काय! मी माझा पंचावन्नाव्या वर्षीचा हात त्यांच्या विसाव्या वर्षीच्या हाताशेजारी ठेवून बघत होतो. माझा विसाव्या वर्षीचा हात थप्पीच्या तळाशी शाफ्ट सारत होता, ते सोयीस्कर विसरून.

शेवटची काही वर्षं मी नव्या बॅचला पहिल्याच दिवशी हा शाफ्टचा किस्सा सांगायचो. चूक झाली तर लपवू नका, एवढंच मनात. एकदा मागच्या रांगेतल्या मुलीने हात वर केला.

"सर, मग त्या दुसऱ्या पाळीतल्या मुलाला नंतर सांगितलंत का तुम्ही?"

मी म्हटलं, "चला, गॉगल घाला. मशीनकडे जाऊ."