ईलीच्या कॅथेड्रलमधील काचचित्रांचे संग्रहालय

चर्चमधील रंगीत काचेच्या खिडक्या आपण बहुधा मान उंचावून, दुरूनच पाहतो. रंग डोळ्यांत भरतात, चित्रातील प्रसंगही ओळखता येतो. पण ते घडवणाऱ्याचा हात एवढ्या अंतरावरून दिसत नाही. तो दिसावा अशी इच्छा असणाऱ्या प्रत्येकाने इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या उत्तरेस असलेल्या ईली या लहानशा शहरातील स्टेन्ड ग्लास म्युझियम पाहावे, असे मला मनापासून वाटते.

हे संग्रहालय ईलीच्या कॅथेड्रलमध्येच, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्येच, मुख्य दालनाच्या कमानींवर असलेल्या दगडी सज्जात आहे आणि तेथे अरुंद गोल जिन्याने चढून जावे लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील अनेक चर्चमध्ये प्रार्थना बंद झाल्या, काही इमारती विकल्या गेल्या, काही पाडल्या गेल्या आणि त्यांच्या खिडक्यांना कोणी वाली उरला नाही. त्या वाचवण्यासाठी १९७२ मध्ये ही संस्था स्थापन झाली आणि १९७९ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. त्यामुळे येथील कित्येक काचा म्हणजे आपले मूळ घर गमावलेल्या काचा आहेत, ही जाणीव पाहताना सतत सोबत राहते.

काचेवरचे चित्र म्हटले की रंग काचेवर लावलेला असेल, असा आपला समज असतो. मध्ययुगीन कामात मात्र रंग काचेच्या अंगातच असतो. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची संयुगे मिसळत, आणि कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा किंवा लाल रंग येई. हा लाल इतका गडद होई की पूर्ण जाडीची लाल काच जवळजवळ काळी दिसली असती. म्हणून पांढऱ्या, म्हणजे रंगहीन, काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवण्याची युक्ती कारागिरांनी शोधली. मग चित्राच्या आराखड्यानुसार तुकडे कापून ते शिशाच्या पट्ट्यांत बसवले जात. चेहरा, बोटे, वस्त्रांच्या चुण्या एवढ्याच गोष्टी धातूची भुकटी आणि काचेची पूड यांच्या काळपट तपकिरी मिश्रणाने रेखून भट्टीत पक्क्या केल्या जात. चौदाव्या शतकाच्या आरंभी चांदीच्या संयुगाने पांढऱ्या काचेवर पिवळा रंग आणण्याची रीत इंग्लंडमध्ये पोहोचली, आणि चेहरा व त्यावरचे सोनेरी केस एकाच तुकड्यावर, मध्ये शिशाची रेघ न येता, दाखवता येऊ लागले.

हे सारे पुस्तकात वाचता येते. पण वूस्टरशरमधील हॅड्झरच्या चर्चमधून आलेल्या, सुमारे १३४० मधील काचांसमोर उभे राहिल्यावरच ते खऱ्या अर्थाने उमगते. देवदूत गॅब्रिएल मेरीला येशूच्या जन्माची शुभवार्ता सांगतो, तो हा प्रसंग आहे. जुनी काच लाकडाच्या राखेतील क्षार वापरून केलेली असे आणि पावसापाण्याने झिजे, त्यामुळे त्या काळच्या काचेवर बारीक खड्डे पडलेले आढळतात. (जुन्या तावदानांची काच शतकानुशतके हळूहळू खाली ओघळते, असे आजही सांगितले जाते, ते खरे नाही, ती काच घडतानाच कमीजास्त जाडीची होत असे.)

अठराव्या शतकाकडे मी फारसा रेंगाळलो नाही. त्या काळी काचेला कॅनव्हास मानून तिच्यावर रंगांनी चित्रे काढली जात. चित्रकार रेनॉल्ड्सच्या तैलचित्रावरून जेम्स पिअरसनने काचेवर केलेले राजा तिसऱ्या जॉर्जचे व्यक्तिचित्र कौशल्याचे आहे, परंतु त्यातून प्रकाश मोकळेपणाने वाहत नाही. काचेला पुन्हा काच होऊ दिले ते एकोणिसाव्या शतकाने. चार्ल्स विन्स्टन या पेशाने वकील असलेल्या अभ्यासकाने जुन्या काचेचे रासायनिक पृथक्करण करवून घेतले आणि लंडनच्या पॉवेल कारखान्यात तशी काच पुन्हा तयार होऊ लागली. मात्र मागणी वाढताच चित्र एकाने काढायचे, काच दुसऱ्याने कापायची आणि रंगरेषा तिसऱ्याने ओढायची, असे काम वाटले गेले. याविरुद्ध शतकाच्या अखेरीस ख्रिस्टोफर व्हॉल हा काचकलावंत उभा राहिला. आराखडा करणाऱ्याला काचेचे काम स्वतः आले पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. जाड, ओबडधोबड काचेचा त्याने केलेला उपयोग मला या कलेच्या आधुनिक इतिहासातील सर्वांत सुंदर वळण वाटतो.

या संग्रहालयाची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. काचांच्या मागे विजेचा स्थिर प्रकाश आहे. खिडकी मात्र सकाळी एक असते आणि दुपारी दुसरी. ढग आला की तिचा निळा पुढे येतो आणि लाल मागे सरतो. तरीही ही उणीव येथे काहीशी भरून निघते, कारण सज्जातून वळून पाहिले की समोर कॅथेड्रलच्या स्वतःच्या खिडक्या सूर्यप्रकाशात दिसतात. कॅथेड्रलची मध्ययुगीन काच सोळाव्या शतकात, चर्चमधील प्रतिमांना विरोध करणाऱ्या धर्मसुधारणेच्या काळात, जवळजवळ सगळी फोडली गेली. आज दिसते ती बहुतांशी व्हिक्टोरियन आहे, आणि पूर्वेकडील भव्य खिडकी न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सने केलेली आहे.

याच वेल्सची काच मुंबईत, कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आहे. पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ बांधलेले हे चर्च १८५८ मध्ये प्रार्थनेसाठी खुले झाले. राजाबाई टॉवरखालच्या विद्यापीठ ग्रंथालयातील रंगीत काचाही अलीकडे काळजीपूर्वक दुरुस्त झाल्या असून स्वाती चांदगडकर यांच्यासारख्या जाणकार आपल्याकडे हे काम करीत आहेत. परंतु मुंबईतील जुने बंगले पाडले जातात तेव्हा त्यांची रंगीत तावदाने तुकड्यातुकड्यांनी जुन्या बाजारात विकायला येतात, आणि ती कोणत्या घरातील, कोणी केलेली, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. त्यांची नोंद करून ती जपणारी एखादी जागा, अगदी एका खोलीची का असेना, या शहरात व्हावी, अशी माझी तळमळीची इच्छा आहे.