तिशीत नर्सिंगला जाताय? आधी टीसी शोधा

बीए-बीकॉम करून नोकरीला लागलेल्या माणसाला थेट नर्स प्रॅक्टिशनर (जादा प्रशिक्षण घेतलेली, जास्त जबाबदारीची नर्स) होता येईल, असा मार्ग आपल्याकडे नाही. त्यासाठीचा क्रिटिकल केअरचा, म्हणजे अतिगंभीर रुग्णांच्या देखभालीचा, दोन वर्षांचा कोर्स बीएस्सी नर्सिंग आणि वर्षभराच्या वॉर्डातल्या अनुभवानंतरच. बीएस्सीला बारावीत फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं आणि सीईटीही. आर्ट्सवाल्यांनी तीन वर्षांचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करावं, मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. अनुभवाचं वर्ष आणि शेवटचा क्रिटिकल केअरचा कोर्स धरून एकूण आठ वर्षं. जीएनएमला साधारण पस्तिशीपर्यंतच प्रवेश, त्यामुळे तेहतिशीत "पुढच्या वर्षी पाहू" म्हणू नका.

खरी अडचण कागदांची. गडचिरोली-यवतमाळच्या खेड्यातला उमेदवार शाळेचा दाखला घेऊन येतो, पण लागते शेवटच्या कॉलेजची टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला), जी त्यानं कधी उचललेलीच नसते. जुनं रजिस्टर शोधायला बाबू वेळ लावतो. टीसीसाठी मार्चमध्येच अर्ज टाका. शिक्षणात पडलेल्या गॅपचं शपथपत्र वेगळं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत ठेवा. आरक्षणासाठीचं नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र ३१ मार्चला संपतं, तेव्हा एप्रिलमध्येच सेतू केंद्र गाठा. शेतीची कामं मागून बघता येतील.