खवट

२३ जून, रविवार

कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते आहे. गेले सात-आठ महिने माझ्या डोक्याला वास येतो. घामाचा नव्हे. डोंबिवली ते सीएसएमटी रोज दाटीवाटीत उभं राहून जाणाऱ्या बाईला घामाचा वास ओळखू येतो. हा निराळा आहे. न्हाल्यावर तो दिवस बरा जातो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाळूवर नख ओढून नाकाशी नेलं की आहेच. आधी मला तो आंबूस वाटायचा, पाऊस सुरू झाल्यापासून कुबट वाटतो. पण नेमका शब्द आज लेकीनं दिला. मी खाली बसून केस विंचरत होते. ती मागून येऊन गळ्यात पडली आणि लगेच बाजूला झाली. "आई, तुझ्या डोक्याला खवट खोबऱ्यासारखा वास येतोय."

मागच्या महिन्यात डब्याच्या तळाशी राहिलेली खोबऱ्याची वाटी खवट निघाली, तेव्हा मीच तिला ती हुंगायला दिली होती. तो शब्द तिच्या लक्षात राहिला. सात वर्षांचं पोर, तिच्या मनात काहीच नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

काय काय करून झालं ते एकदा मांडते. चार शाम्पू बदलले. रिठा-शिकेकाई झाली. लिंबाचा रस चोळला, तर दोन दिवस डोकं झोंबत राहिलं. मेथ्या भिजवून, वाटून, दह्यात कालवून लावल्या. पार्लरमध्ये २,५०० रुपये देऊन 'हेअर स्पा' केला. तिथली मुलगी वाफ देताना मान किंचित वळवून श्वास घेत होती, ते मला समोरच्या आरशात दिसलं. टाळू कोरडी पडलीये, म्हणून कोंडा होतोय, तेल वाढवा, असं त्यांनी सांगितलं. आईचंही मत तेच. म्हणून जानेवारीपासून शनिवारच्या जोडीला बुधवारीही तेल लावते. आईनं रत्नागिरीहून पाठवलेलं घाण्याचं खोबरेल, कोमट करून, बोटांनी मुळाशी जिरवून, रात्रभर.

आणि सकाळी वेळ नसतो म्हणून रात्री दहाला न्हाते. केस कमरेपर्यंत आहेत. ओल्याचाच अंबाडा घालून झोपते. उशीचा अभ्रा एक दिवसाआड बदलते, तरी सकाळी त्याला तोच वास. यांना विचारलं तर म्हणतात, मला नाही येत. त्यांना सर्दीचा कायमचा त्रास, आणि शिवाय त्यांना माझं मन मोडायचं नसणार.

४ जुलै, गुरुवार

आमच्या डब्यातली मैत्रीण आज सीएसएमटीला उतरल्यावर माझ्या दंडाला धरून बाजूला घेऊन गेली. नऊ वर्षं आम्ही एका डब्यातून येतो. पावसाळ्यात सोनटक्का फुलला की ती माझ्यासाठी दोन फुलं आणते, आजही आणली होती, मी ती अंबाड्यात खोचली होती. म्हणाली, "रागावू नकोस. तुझ्या केसांना हल्ली वास येतो. फुलं माळलीस तरी येतो. माझ्या बहिणीचं असंच झालं होतं, स्किनच्या डॉक्टरांकडे जा, घरी काही करत बसू नकोस."

मी "बरं" म्हटलं आणि चालू लागले. दुपारपर्यंत कुणाशी बोलले नाही. डबाही खाल्ला नाही. डोक्यात एकच, किती जणींनी हे आपसात बोलून घेतलं असेल. घरी परतताना मात्र मनातला पीळ सैल झाला. आठ महिने मी एकटीच नखं हुंगत होते आणि हा आपला भ्रम तर नाही ना, असंही मधूनमधून वाटायचं. आपल्याच अंगाच्या वासाला नाक सरावतं, त्यामुळे तो किती आहे ते आपल्याला कधीच पुरतं कळत नाही. तिनं सांगितलं म्हणून कळलं. हे तोंडावर सांगायला केवढं धैर्य लागलं असेल तिला. उद्या तिला तसं सांगेन.

१३ जुलै, शनिवार

आज डॉक्टरांकडे जाऊन आले. आज न्हायले नव्हते. फोनवर त्यांनीच सांगितलं होतं, दोन दिवस डोकं न धुता या. अशा डोक्यानं अनोळखी माणसासमोर बसणं माझ्या फार जिवावर आलं होतं.

बाई साठीच्या असतील. नाक मुरडलं नाही, मागे सरकल्या नाहीत. भांग पाडपाडून पाहिलं, मग कानांच्या मागे पाहिलं, भुवयांत पाहिलं, नाकपुड्यांच्या कडेला बोट फिरवलं. मला वाटलं, दुखणं डोक्याचं आणि या चेहरा काय बघतायत. तर म्हणाल्या, "इथे साल निघते ना थंडीत? लाल होतं?" होतं. दोन वर्षं होतंय. मी त्यावर कोल्ड क्रीम चोपडत होते. कानामागे बोट लावून पाहा म्हणाल्या. पिवळसर, चिकट पापुद्रा निघाला. तोच वास.

नायटा नाही ना याची खात्री करायला त्यांनी बोथट पात्यानं टाळूवरचा थोडा कोंडा काचपट्टीवर खरवडून घेतला. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, म्हणजे त्वचेच्या पेशी विरघळतात आणि बुरशी असली तर उघडी पडते. थोडा वेळ थांबलो. मग मला म्हणाल्या, या, बघा. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. फिकट उजेडात बारीक लांबट गोळे, काहींना एका टोकाला छोटा कोंब फुटलेला, अगदी इवल्याशा बाटल्या आडव्या पडाव्यात तशा. "ही मॅलासेझिया. यीस्ट आहे, पावात घालतात त्याच्या लांबच्या नात्यातली. माझ्या डोक्यावर आहे, या रिसेप्शनवरच्या मुलीच्या डोक्यावर आहे. सगळ्यांच्या असते. तुमच्याकडे तिला खायला भरपूर मिळालंय आणि तुमची त्वचा तिच्यावर चिडलीये."

मी खोबऱ्याचं, लेकीच्या शब्दाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मुलीनं अगदी बरोबर ओळखलंय. तेल खवट होतं म्हणजे काय होतं? त्यातल्या स्निग्ध पदार्थाचे तुकडे पडतात, आम्लं मोकळी होतात, त्यांचा वास येतो. तुमच्या डोक्यावर हेच चाललंय. टाळूतल्या ग्रंथी जो तेलकटपणा सोडतात, तो ही यीस्ट फोडते. तिला लागणारी आम्लं तिला स्वतःच्या शरीरात बनवता येत नाहीत, म्हणून ती बाहेरून घेते. आपल्या उपयोगाची ती खाते, उरलेली तिथेच टाकते, आणि उरलेल्यातलं ओलेइक आम्ल त्वचेला बोचतं. मग खाज सुटते, पेशी भराभर गळतात, त्याचा कोंडा होतो. दुखण्याचं नाव सेबोऱ्हिक डर्मटायटिस. टाळू कोरडी नव्हतीच. तेलकट होती.

मग मी तेलाचं विचारलं. आठवड्यातून दोनदा, रात्रभर, मुळाशी. त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही तिला वाढून ठेवत होता, आणि वर ओला अंबाडा." ऊब, ओल, अंधार आणि तेल. माझ्या छातीत धस्स झालं. आठ महिने मी जे जे उपाय म्हणून मन लावून केलं, त्यातलं निम्मं तिच्या भल्याचं होतं.

येताना विचारलंच, मी अस्वच्छ राहते म्हणून झालं का? नाही म्हणाल्या. लेकीला लागेल का? नाही. हा संसर्ग नव्हे, एकमेकींचा कंगवा वापरल्यानं होत नाही. पायऱ्या उतरताना रेलिंगला धरून दोन मिनिटं थांबले.

औषध साधंच आहे. किटोकोनॅझोल दोन टक्के असलेला शाम्पू, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. केसांना नाही, टाळूला चोळायचा, कानांमागेही, आणि पाच मिनिटं ठेवून मग धुवायचा.

१४ जुलै, रविवार

रात्री उशिरापर्यंत वाचत बसले होते. मॅलासेझिया हे नाव लुई-शार्ल मालासे या फ्रेंच माणसावरून पडलं, त्यानं १८७४ मध्ये कोंड्याच्या पापुद्र्यांत ही यीस्ट पाहिली होती. आणि त्याहून मला आवडलं ते हे: साल सुटण्याच्या दुखण्यांना डॉक्टर जे 'पिटिरियासिस' म्हणतात, ते ग्रीक शब्दावरून आलंय आणि त्या शब्दाचा अर्थ कोंडाच, धान्याचा. पीठ चाळल्यावर चाळणीत उरतो तो. आपल्या बायकांनी आणि त्या ग्रीकांनी डोक्याकडे बघून एकच वस्तू आठवली.

२८ जुलै, रविवार

चार वेळा धुऊन झालं. पाच मिनिटं फार लांब असतात. याआधी मी शाम्पू लावून अर्ध्या मिनिटात ओतून देत असे, हे आता लक्षात येतं. न्हाण्याची वेळ बदलली, सकाळी साडेपाचला उठते. पंचानं टिपून, पंख्याखाली बसून पूर्ण वाळल्याशिवाय केस बांधत नाही. ऑफिसला मोकळे सोडून गेले तर दोघी-तिघींनी वळून पाहिलं. कंगवे गरम पाण्यात साबण घालून धुतले. अभ्रे उन्हात टाकायला ऊनच नाही, म्हणून इस्त्री फिरवते.

खाज गेली. वास दुसऱ्या दिवशी नसतो, तिसऱ्या दिवशी थोडा असतो.

१० ऑगस्ट, शनिवार

डॉक्टरांकडे परत. टाळू स्वच्छ आहे. आता दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी एकदाच तो शाम्पू. हे कायमचं जात नाही, थंडीत, जागरणात, मनावर ताण आला की परतेल, तेव्हा घाबरून जायचं नाही आणि लिंबूही चोळायचं नाही, असं त्यांनी बजावलं. तेलाचं मी भीतभीत विचारलं. केसांच्या लांबीला लावा म्हणाल्या, न्हाण्याआधी तासभर. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातली प्रथिनं कमी जातात, तेवढा त्याचा गुण खरा. मुळाशी मात्र नाही, आणि रात्रभर तर नाहीच.

तिला, डब्यातल्या मैत्रिणीला, चार अळूवड्या डब्यात घालून नेल्या होत्या काल. तिनं माझ्या केसांकडे नाक आणलं आणि मान हलवली.

१९ ऑगस्ट, सोमवार, नारळी पौर्णिमा

आई आली आहे, दादाकडे राखीला जाऊन मग इकडे. येताना तेलाची बाटली घेऊन आली. नारळीभात झाला, जेवणं झाली, आणि तिनं हाक मारली, "ये, बैस, डोक्यावर तेल घालते." चाळीस वर्षांची झाले तरी ही हाक आली की मी जाऊन तिच्या पायाशी बसते. आज बसले आणि म्हटलं, आई, मुळाला नको, फक्त वेणीला लाव. तिचे हात थांबले. तेल हा तिचा माझ्याशी बोलण्याचा मार्ग आहे, हे मला ठाऊक होतं, म्हणून महिनाभर फोनवर काही बोलले नव्हते. आता सगळं सांगितलं. तिनं मुकाट्यानं तळहातावरचं तेल वेणीच्या शेवटाला पुसलं. मग कोरड्या बोटांनी डोकं दाबून दिलं, फार वेळ.

मग मी तिला खाली बसवलं आणि तिचे केस विंचरायला घेतले. कानामागून फणी वर नेली आणि तो पिवळा चिकट पापुद्रा मला दिसला. वासही तोच, वर ब्राह्मी-आवळ्याच्या तेलाचा थर. ती गेली दोन-तीन वर्षं भजनी मंडळात मागे भिंतीशी बसते, मला ते गुडघ्यांमुळे वाटायचं.

सांगू की नको, असं झालं. मग मैत्रिणीचा दंडाला धरलेला हात आठवला. मी म्हटलं, "आई, रागावू नकोस."

ती रागावली नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, म्हातारपणाचा असतो तो."

२५ ऑगस्ट, रविवार

गुरुवारी आईला त्याच डॉक्टरांकडे नेलं. तेच निघालं. तिचे हात फार वर जात नाहीत, म्हणून आज सकाळी मीच तिचं डोकं धुतलं. ती बाथरूममध्ये पाटावर बसली होती, डोळे घट्ट मिटून, मान खाली. मी बोटांच्या पेरांनी टाळूवर फेस केला, कानांमागे हळूच चोळलं, आणि फोनवर वेळ लावून तिच्याशेजारी उकिडवी बसले. बाहेरून लेक विचारत होती, आजीला काय करतेयस.

"झाली का गं पाच मिनिटं?"

"अजून दोन आहेत."

"बरं," ती म्हणाली, आणि माझा गुडघा धरून बसून राहिली.