नुसतं चालून भागत नाही

सकाळी बडोद्याच्या कमाटीबागेत पन्नाशी-साठीतल्या बायकांशी गप्पा झाल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं, "मी रोज चालते गं, मला वेगळ्या व्यायामाची काय गरज?" माझं कळकळीचं सांगणं आहे, चालणं अजिबात सोडू नका, पण तेवढ्यावर थांबूही नका. चालण्यानं साखर, रक्तदाब, झोप, मन सगळ्याला फायदा होतो. दंड, खांदे, पाठ यांना मात्र त्यातून फारसं काही मिळत नाही, आणि सपाट रस्त्यावर मांड्यांनाही म्हणावा तसा जोर लावावा लागत नाही.

माझी मोठी जाऊ वर्षानुवर्षं न चुकता चालते. गेल्या पावसाळ्यात मोरीपाशी पाय घसरला, तोल सावरायला तिनं हात टेकला आणि मनगटच मोडलं. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली तेव्हा टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत आपली हाडं किती भरीव आहेत ते सांगणारा आकडा, उणे २.५च्याही खाली निघाला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं, म्हणतात. ती सारखी विचारायची, "अगं, पण मला कधी काही दुखलंच नाही!" दुखत नाहीच. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि हाडं भरण्यापेक्षा झिजायला जास्त लागतात. पहिल्या पाच-सात वर्षांत हा वेग सगळ्यात जास्त असतो. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते. मुलांची शिक्षणं, सासूसासऱ्यांची आजारपणं यांत आपण गुंतलेल्या असतो, त्याच वर्षांत आतून हे चालू असतं. स्नायूही वयाबरोबर कमी होतात, आणि पाय कमकुवत झाले की पडायची भीती वाढते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम हवा, आणि पासष्टीनंतर ३ दिवस तोल सांभाळण्याचाही हवा. त्यासाठी जिमच लावायला पाहिजे असं नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्या पुढच्या कडेशी बसा, पावलं जमिनीवर सपाट, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे. आता हात न टेकता उभ्या राहा. उठताना श्वास सोडा. बसताना धप्पकन बसू नका, मनात तीन मोजत हळूहळू खाली या. खरा व्यायाम त्या खाली येण्यातच आहे. पायांची ताकद तपासायची असेल तेव्हा मात्र हे तीन मोजणं सोडा आणि जमेल तेवढ्या वेगानं ३० सेकंदांत किती वेळा उभं राहता येतं ते मोजून बघा. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२पेक्षा कमी जमलं, ६५ ते ६९ मध्ये ११पेक्षा कमी, तर पाय कमी पडताहेत असं समजतात. जावेला सुरुवातीला खुर्चीच्या हाताचा आधार घ्यावाच लागायचा. आता देवघरातल्या पाटावरूनही ती कुणाचा हात न धरता उठते.

खुर्ची जमली की भिंतीवर हात टेकून दंड काढायचे, कापडी पिशवीत पाण्याच्या बाटल्या घालून उचलायच्या, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला हात धरून टाचा वर-खाली करायच्या. वजन हळूहळू वाढवत न्या. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या नाहीत तर स्नायूला वाढायला कारणच मिळत नाही. एक मात्र लक्षात ठेवा, हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेलं असेल तर कमरेतून वाकून पायाचे अंगठे धरणं, वाकून अंग पिळणं असले प्रकार डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय करू नका. मणक्यावर ताण येतो.

जुम्मादादा आणि प्रोफेसर माणिकराव यांच्या व्यायाममंदिरानं आपल्या बडोद्याचं नाव देशभर केलं. अशा गावातल्या बायकांनी "या वयात कसला व्यायाम" म्हणावं याचं मला फार वाईट वाटतं.

खाण्याचंही तसंच. रात्रीची खिचडी-कढी मलाही प्रिय आहे, पण आपण खिचडीत डाळ किती घालतो? बऱ्याच घरांत तांदळाच्या निम्मीही नसते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हिशेबानं वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला साधारण ५०. वय वाढलं की थोडी जास्तच हवीत असं बरेच तज्ज्ञ सांगतात. वाटीभर घट्ट वरणातून ६-७ ग्रॅम मिळतात. म्हणून खिचडीत मूगडाळ तांदळाइतकीच घाला, चहाबरोबर चिवड्याऐवजी मूठभर फुटाणे घ्या, दुपारी दही, आणि चालत असतील तर अंडी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कॅल्शियम पाळीनंतर दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं. मोठा कपभर दुधातून ३००च्या आसपास मिळतं, बाकीचं नाचणी, तीळ, दही यांतून जमवायचं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी कधीही एकत्र घेऊ नका, मध्ये ४ तास जाऊ द्या. ही गोष्ट फार जणींना माहीतच नसते आणि थायरॉइडचा रिपोर्ट विनाकारण बिघडलेला दिसतो.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी एक डाग असला, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. बहुतेकदा कारण किरकोळ निघतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाचं ते पहिलं लक्षण असू शकतं आणि लवकर कळलं तर उपचार चांगले होतात.

आणि ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते. खोकलं, शिंकलं की थोडी लघवी होते म्हणून कितीतरी जणींनी गरबा सोडलाय. विचारलं की सांगतात, "गुडघे दुखतात." मैत्रिणींनो, "वयच झालं" म्हणून हे सोसायचं नसतं. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो, तेच आवळायचे, पाच-सहा सेकंद धरायचे, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या ताणायच्या नाहीत, आणि लघवीला बसलेलं असताना हा व्यायाम करायचा नाही. बरोबर जमतंय का ही शंका असेल तर फिजिओथेरपिस्ट शिकवतात. फरक जाणवायला साधारण तीन महिने लागतात, म्हणून यंदा नवरात्रात खेळायचं असेल तर आषाढ लागताच सुरुवात करा.